वजडी जंगलात टाकणारी माणसं

जर्मनीहून परत आल्याला महिना झाला, तरी दुकानात येणारं एकही गिऱ्हाईक मला धड काम करू देत नाही. सुरी हातात घेतली की प्रश्न आलाच, ‘मग शेठ, काय काय बघितलं?’ त्यांना राजवाडे आणि बर्फ ऐकायचा असतो. मी सांगतो, सहा आठवड्यांत मी मोटारींचं एक गाव बघितलं, फोमची वीस-पंचवीस हरणं बघितली आणि एक खरं हरीण कापायला तीन शिकलेली माणसं दीड तास कशी झटतात ते बघितलं. लोक हसतात. त्यांना वाटतं, शेठ थापा मारतोय. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढतो, रोज रोज तोंडाची वाफ दवडायला नको.

मी कराडचा. बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं मटणाचं दुकान, आबांच्या म्हणजे माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचं. पुढे चिंचेचा ओंडका, मागे जेमतेम एक खोली, आणि त्या खोलीला गल्लीत उघडणारं मागचं दार. त्या दाराला कायम कडी असते, कारण पलीकडे कुत्री टपून बसलेली असतात. त्याच खोलीत बसून आमच्या सागरनं दहावीपर्यंतचा अभ्यास केला. पुढे तो इंजिनिअर झाला, पुण्याला गेला, तिथून जर्मनीला. आता वोल्फ्सबुर्गला मोटारींचं सॉफ्टवेअर लिहितो. सूनबाई मधुराही तिथेच नोकरी करते. चार वर्षं ‘या, या’ चाललं होतं, शेवटी सप्टेंबरात दुकान पुतण्याच्या हवाली करून मी आणि आमची सुमन निघालो.

वोल्फ्सबुर्ग

विमानतळावरून घरी जाताना सुमन मागच्या सीटवर शाल पांघरून झोपली होती. तेवढ्यात सागर म्हणाला, ‘बाबा, एक सांगू? इथं कुणी विचारलं ना, काय करता म्हणून, तर बिझनेस आहे म्हणा. फूड बिझनेस.’

‘मटण फूडच असतंय की.’

‘गेनाऊ! तेच तर म्हणतोय मी.’ गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर. हा शब्द तो दर तिसऱ्या वाक्याला वापरतो.

मी खिडकीबाहेर बघत बसलो. मला लागलं ते. ज्या दुकानावर हा पोरगा शिकला, त्या दुकानाचं नाव घ्यायला याची जीभ अडखळते, आणि हे सांगायला मला सात समुद्र ओलांडून आणलं. पण प्रवासानं अंग आंबलं होतं, आणि पहिल्याच दिवशी भांडण नको म्हणून गप्प बसलो.

वोल्फ्सबुर्ग गाव म्हणजे मोठा थोरला कारखाना आणि भोवती शांतता. ही शांतता साधी नाही. रविवारी भिंतीत खिळा ठोकायचा नाही, बाटल्या कचऱ्याच्या पेटीत टाकायच्या नाहीत, कारण खळ्ळ आवाज होतो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, म्हणून मी सिग्नल लाल असताना पलीकडे गेलो, तर एका म्हातारीनं मला पोरासोरासारखं झापलं. काय बोलली ते कळलं नाही, पण बोट कसं नाचवत होती ते कळलं.

माझं मन रमलं ते एकाच ठिकाणी. घरापासून दहा मिनिटांवर एक मटणाचं दुकान होतं. पांढऱ्याशुभ्र फरश्या, काचेमागे मांसाचे तुकडे दागिन्यांसारखे मांडलेले, आणि दारावर पाटी. रोज फिरायला गेलो की मी ती एकेक अक्षर लावून वाचायचो. फ्लायशराय. सागरला विचारलं तर म्हणाला, ‘फ्लायशर म्हणजे खाटीक. फ्लायशराय त्याचं दुकान. इथं तीन वर्षं शिकावं लागतं बाबा. मग पुढची परीक्षा दिली की माइस्टर. ती भिंतीवर फ्रेम दिसतेय ना, ते त्याचं सर्टिफिकेट.’

‘म्हणजे हितं खाटकाला भिंतीवर सर्टिफिकेट हाय, आन् तू मला बिझनेस म्हणायला लावतोस?’

 सागर म्हणाला, ‘जर्मन लोकांचं काही नाही हो बाबा. आपल्याच लोकांचं असतं.’

 काचेमागचा फ्लायशर मला बघून रोज हात करायचा. मीही करायचो. सहा आठवड्यांत माझी तेवढीच एक ओळख माझ्या बळावर झाली.

फोमची हरणं

दुसऱ्या रविवारी सागर म्हणाला, ‘चला, तुम्हाला माझा छंद दाखवतो.’ गाडीच्या डिकीतून त्यानं चक्क धनुष्यबाण काढला. बत्तीस वर्षांचा बाप्या! मी सुमनकडे बघितलं. ती म्हणाली, ‘अहो, दारू-पत्ते नाहीत ना? मग खेळू द्या की.’

गावाबाहेर ओक आणि बीचच्या झाडांचं जंगल. त्यात पायवाट, आणि वाटेवर ठिकठिकाणी फोमचे प्राणी उभे. हरणं, डुकरं, एक अस्वलसुद्धा. लोक खुंटीपाशी उभे राहतात, बाण मारतात, मग चालत जाऊन तो उपटतात आणि पुढच्या प्राण्याकडे जातात. पाऊस रिपरिपत होता. सागरचा साहेब अभिजितही आला होता. मूळचा पुण्याचा, बोलायला गोड, हिरवी टोपी, हिरवं जाकीट, हिरवे बूट. मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, ‘काका, तुमचा फूड बिझनेस आहे ना? एक्स्पोर्ट वगैरे करता का?’

मी सागरकडे बघितलं. तो बाणाची पिसं नीट करत होता.

‘गल्लीपुरतंच,’ मी म्हणालो.

सागरनं पहिला बाण सोडला तो हरणाच्या पाठीवरून थेट पाचोळ्यात गेला. मग आम्ही चौघं पाऊण तास खाली वाकून एक बाण शोधत होतो. माझी कंबर धरली. मी शेवटी एका रानडुकरावर टेकलो, तर ते माझ्यासकट आडवं झालं. लगेच एक बाई धावत आली आणि डुकराला काही लागलं नाही ना ते आधी बघितलं.

‘खरं हरीण का मारत नाही रे मग?’ मी कपडे झटकत विचारलं.

‘फेरबोटन आहे बाबा. धनुष्यबाणानं शिकार करायला जर्मनीत बंदी आहे. फक्त बंदूक, तीही परीक्षा पास झाल्यावर. मी वसंतात देणार आहे.’

‘म्हणजे जे मारायला शिकतोस ते कधीच मारायचं नाही?’

‘आल्झो... म्हणजे, हो. तसंच.’

आमच्याकडे हरणाला हात लावला तर माणूस आत जातो. त्यामुळे आमच्याकडे कुणी फोमचं हरीण करून जंगलात उभं करण्याच्या भानगडीत पडत नाही. इथं परवानगी आहे, पण ती अशी सोळा कुलपांत. बंदुकीची वेगळी परीक्षा, प्राणी ओळखायची वेगळी, कुत्र्यांची वेगळी, आणि मांस कापण्याची पण. हे ऐकल्यावर मात्र माझे कान उभे राहिले. सागर म्हणाला, ‘त्यासाठी युर्गेन शिकवतोय आम्हाला. मला आणि अभिजितला.’

मटण कापायला. माझ्या पोराला. दुसरा कुणीतरी. 

मचाण

युर्गेन सागरचा आधीचा शेजारी, आता गावाबाहेर राहतो. साठीचा, कारखान्यातून निवृत्त, दाढी पांढरी, हात माझ्यासारखेच जाड. शनिवारी पहाटे तो आम्हा बापलेकांना जंगलात घेऊन गेला. शेताच्या कडेला लाकडी मचाण, वर छप्पर, आत एक बाक. तिघं दाटीवाटीनं बसलो. बोलायचं नाही, हलायचं नाही, खोकायचं नाही. खोकायचं नाही म्हटल्यावर माणसाला खोकला येतोच. मी तोंडात मफलर कोंबून दोन तास बसलो. पाय बधिर झाले. चहा थर्मासमध्ये होता, पण थर्मास उघडला तर आवाज होतो म्हणून तोही फेरबोटन.

उजाडल्यावर धुक्यातून एक हरीण आलं. मी सांबर वगैरे मनात धरलं होतं. हे तर आपल्या दीड वर्षाच्या बोकडाएवढं. तिकडे त्याला ‘रे’ म्हणतात. युर्गेननं बंदूक उचलली, श्वास सोडला आणि एकच बार काढला. हरीण जागच्या जागी बसलं. तडफड नाही, काही नाही. तेवढं मात्र मी मानलं.

आम्ही खाली उतरलो. युर्गेननं ओकची एक छोटी डहाळी मोडली आणि त्या मेलेल्या हरणाच्या तोंडात हळूच ठेवली. मग टोपी काढून गप्प उभा राहिला. सागर माझ्या कानात म्हणाला, ‘शेवटचा घास देतात बाबा.’

 आमचे आबा बोकडाला पाणी दाखवल्याशिवाय सुरीला हात लावत नसत. कितीही गर्दी असो, गिऱ्हाईक खोळंबलं तरी चालेल. मीही आजवर ते मोडलेलं नाही. हजारो कोस लांब, माझी भाषा न कळणारा हा माणूस तेच करत होता. मला त्याच्याशी बोलावंसं वाटलं.

‘सागर, सांग त्याला. आबांचं पाण्याचं सांग.’

सागरनं युर्गेनकडे बघितलं, मग खाली बघितलं. ‘नंतर सांगतो बाबा.’

कळलं मला. आबांचं पाणी सांगितलं की आबांची सुरी आली, सुरीमागोमाग दुकान आलं, आणि युर्गेनकडून ते अभिजितपर्यंत जायला कितीसा वेळ? मी मफलर पुन्हा तोंडापर्यंत ओढला.

मग युर्गेननं पोट फाडलं. हात चांगला होता, उगाच कशाला खोटं बोलू. कलेजी, हृदय, गुर्दे काढून पिशवीत घातले आणि ती पिशवी मलाच दिली, पाहुणा म्हणून. पण त्यानंतर त्यानं वजडी, म्हणजे पोटातला कोथळा आणि आतडी, उचलली आणि सरळ झुडपात फेकली! अख्खी वजडी! मी ‘अरे, अरे’ करत पुढे झालो, तर सागरनं माझा दंड धरला.

‘बाबा, कोल्ह्यांसाठी टाकतात ती.’

‘कोल्ह्याला साफ करता येती का? चुना लावून, गरम पाण्यात घासून, माझी आई असती तर...’

‘बाबा, प्लीज.’

मुंडी टाकणार, पाय टाकणार. पाया म्हणजे काय हे त्या देशाला ठाऊकच नाही. थंडीनं कुडकुडणारा देश, आणि पायाचा रस्सा माहीत नाही! घरी आल्यावर सुमननं कलेजी तव्यावर टाकली, काळं तिखट, लसूण, वर कोथिंबीर. वास सुटला आणि छतावरचा धुराचा भोंगा असा कोकलला की मधुरा स्टुलावर चढून त्याला पेपरनं वारा घालत होती आणि खालचे शेजारी दारात उभे. त्यांना दोन घास दिले तेव्हा भोंग्याचा राग गेला. एकानं तर बशी चाटली.

युर्गेनची थंड खोली

आता खरा वैताग. शनिवारी मारलेलं हरीण कापायचं कधी, तर बुधवारी. तोवर कातड्यासकट थंड खोलीत उलटं टांगून ठेवायचं म्हणे, मांस मऊ पडतं. आमच्याकडे सकाळचं मटण दुपारी विकायला काढलं तर गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. चार दिवसांचं म्हटलं तर दुकानावर दगड येतील. शिवाय कातडं सोलायचं ते अंगात ऊब असतानाच. गार पडलं की ते चिकटतं. हे मी सागरला तीनदा सांगितलं. तो म्हणाला, ‘बाबा, पुस्तकात असंच आहे.’

बुधवारी संध्याकाळी युर्गेनच्या गॅरेजमागच्या खोलीत आम्ही जमलो. सगळीकडे पांढऱ्या फरश्या, भिंतीवर थर्मामीटर, सगळ्यांना प्लास्टिकचे एप्रन, डोक्याला टोप्या, हातमोजे. मला कोपऱ्यात स्टूल दिलं. मी हात पाठीमागे बांधून बसलो. बिझनेसवाला माणूस कसा बसेल, तसा.

युर्गेननं एका मागच्या पायाचं कातडं थोडं सोडवून दाखवलं आणि बाकीचं या दोघांवर सोडलं. अभिजित मोबाइलवर व्हिडिओ लावून एका हातानं कापत होता. सागर सुरीच्या टोकानं कातडं खरवडत होता, जसं काही भिंतीवरचं पोस्टर काढतोय. पहिलं भोक मांडीवर पडलं. दुसरं पाठीवर. मांसावर केस चिकटले. युर्गेन ‘लांगझाम, लांगझाम’ म्हणत होता, म्हणजे सावकाश. अजून किती सावकाश? अर्धा तास झाला, एक तास झाला. मग कातडं अर्धवट ठेवूनच खांदा सोडवायला घेतला, तर अभिजित हाडावरच सुरी घासायला लागला. खांद्याला धडाशी हाडाचा सांधाच नसतो, पाच-सहा ठिकाणी सुरी फिरवली की तो आपणहून हातात येतो.  माझे हात शिवशिवायला लागले. माझ्यासमोर एवढा छळ त्या हरणाचा बंदुकीनंही झाला नव्हता.

दीड तासानं सागर थांबला. घाम पुसला. सुरी बोथट झाली होती. त्यानं दुसरी सुरी घेतली, दोन्ही पाती एकमेकांवर घासली, दोनदा खस् खस्, आणि मग सुरीची मूठ फळीवर एकदा आपटली. ठक्.

मी स्टुलावरून उठलो. हे युर्गेननं शिकवलेलं नव्हतं आणि पुस्तकातही नसणार. आबांची ती सवय. त्यांच्यामागून माझी. मागच्या खोलीत भूमितीची प्रमेयं पाठ करता करता या पोराच्या कानात दहा वर्षं तेच वाजत होतं.

सागरनंही ते ऐकलं असावं. त्यानं सुरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता पुन्हा मान खाली घालेल. पण त्यानं सुरी उलटी केली आणि मूठ माझ्याकडे धरली.

‘बाबा, नाही जमत. तुम्ही घ्या.’

मी हातमोजे काढले. युर्गेन बाजूला झाला. हात धुतले. हरणाच्या कपाळाला पाण्याचं बोट लावलं, चार दिवस उशिरा का होईना. मग सुरी फळीवर ठेवून दिली आणि कातड्याखाली मूठ घातली. कातडं सुरीनं नाही, मुठीनं सोडवायचं असतं. गार पडल्यामुळे जोर लागला, पण आलं. पाठ, बरगड्या, मान, एकही नवं भोक नाही. मग सुरी घेतली. खांदा, दुसरा खांदा, सीना, चापा, मांड्या. नळ्या वेगळ्या काढल्या. हाडावर बोटभरही मांस ठेवलं नाही. किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही, पण अभिजितचा व्हिडिओ अजून संपलेला नव्हता.

 युर्गेन जवळ आला, हाडांचा सांगाडा उचलून दिव्यापुढे धरला आणि सागरला काहीतरी विचारलं. काय विचारलं ते सांगायला दुभाष्या नको होता. हा माणूस हे कुठे शिकला?

मी सागरला वाचवायला गेलो. ‘सांग, बिझनेस हाय म्हणून,’ मी म्हणालो.

सागरनं टोपी काढली. ‘माइन फाटर इस्ट फ्लायशर,’ तो म्हणाला.

फाटर म्हणजे वडील हे मला ठाऊक होतं. आणि फ्लायशर तर मी रोज पाटीवर वाचत होतो.

अभिजित म्हणाला, ‘अरे, पण तू तर फूड बिझनेस...’

‘मटणाचं दुकान आहे आमचं. कराडला. आजोबांपासून. मी तिथंच बसून अभ्यास करायचो.’

अभिजितनं माझ्याकडे बघितलं, मग त्या दोन भोकं पडलेल्या कातड्याकडे. ‘काका, मग आधी का नाही बोललात? दीड तास झाला हो, माझी पाठ मोडली!’

युर्गेननं विचारलं, ‘माइस्टर?’

‘या,’ सागर म्हणाला, म्हणजे हो. ‘माइस्टर.’ आणि मग तो बराच वेळ जर्मनमध्ये बोलत राहिला. मधेच त्यानं ओंजळ करून पाणी पाजल्यासारखं केलं. युर्गेननं माझ्याकडे बघून मान हलवली, आणि निघताना मुंडी आणि चारही पाय कागदात बांधून माझ्या हातात दिले.

परत

गाडीत पायांचं पुडकं माझ्या मांडीवर होतं. सागर गाडी चालवत होता. गाव जवळ आलं, कारखान्याची धुराडी दिसायला लागली, तेव्हा तो म्हणाला, ‘बाबा, एक सांगायचं होतं.’

‘बोल.’

‘दहावीत असताना एकदा वर्गातली पोरं दुकानाकडे आली होती, सरांबरोबर. तुम्ही पुढे कापत होता. ते तुमच्याशी बोलत होते आणि मी मागच्या दारानं पळालो. घरी पण आलो नाही संध्याकाळपर्यंत. नेमकी त्या दिवशी दाराची कडी उघडी राहिली होती, म्हणून सुटलो. तुम्हाला कधी सांगितलं नाही.’

‘ठाऊक हाय मला,’ मी म्हणालो.

‘कसं?’

‘मास्तर कोपऱ्यावरनं येताना दिसले, तवा तू पुस्तकात डोकं घालून बसलेलास, मीच जाऊन हळूच कडी काढून आलो. कुत्र्यानं अख्खी कलेजी नेली त्या दिवशी.’